एसजीपीटीचा आकडा आणि दोन डॉक्टरांचा वाद

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींत काम करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम आहे. त्याचे आजचे शास्त्रीय नाव अॅलॅनिन अमायनोट्रान्सफरेज, संक्षेपाने एएलटी. पण आपल्याकडच्या बहुतेक रिपोर्टांवर आणि रुग्णांच्या तोंडी जुनेच नाव टिकून आहे. अॅलॅनिन या अमायनो आम्लातला अमायनो गट काढून तो दुसऱ्या रेणूला जोडायचा, एवढेच त्याचे काम. त्यातून पायरुवेट तयार होते आणि उपाशीपोटी यकृत त्यापासून साखर बनवते. रक्तात या विकराला काहीच काम नसते. पेशी मरतात, नव्या येतात, तेवढ्यापुरते ते थोडेसे रक्तात उतरते. पेशींना इजा झाली की त्यांचे आवरण ढिले पडते आणि हे प्रमाण वाढते. रक्तात आलेल्या एएलटीपैकी निम्मे नाहीसे व्हायला सुमारे ४७ तास लागतात. त्याचे भावंड एसजीओटी, म्हणजे एएसटी, त्याहून लवकर, साधारण १७ तासांत निम्मे होते.

लॅबमध्ये या विकराचे वजन होत नाही, त्याचा कामाचा वेग मोजतात. रक्तद्रवात अॅलॅनिन आणि इतर रसायने घालतात. विकराने तयार केलेल्या पायरुवेटचे दुसरे एक विकर लगेच लॅक्टेट करून टाकते आणि त्यात एनएडीएच नावाचा रेणू खर्ची पडतो. हा रेणू ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. शोषण ज्या वेगाने घटते, त्यावरून विकर किती हे कळते. मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थाचे रूपांतर करणारे विकर म्हणजे एक युनिट. रिपोर्टवरचा आकडा लिटरमागे अशी किती युनिटे आहेत ते सांगतो.

गंमत अशी, की ही तपासणी आधी हृदयासाठी निघाली. न्यू यॉर्कमध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स व्रुब्लेव्स्की आणि आर्थर कारमेन यांनी १९५४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातले एसजीओटी वाढते असे दाखवले. पुढच्याच वर्षी कारमेन यांची प्रकाशशोषणावर आधारलेली पद्धत प्रसिद्ध झाली आणि इटलीत नेपल्सला फर्नांडो दे रितिस व त्यांचे सहकारी विषाणूजन्य काविळीत हीच विकरे तपासू लागले. हृदयासाठी पुढे ट्रोपोनिनची तपासणी आली आणि ही जोडी यकृताच्या खात्यावर जमा झाली.

या आकड्याचा अर्थ लावताना डॉक्टरांत दोन तट पडतात. यकृततज्ज्ञांकडे रुग्ण बहुधा उशिरा येतो, म्हणून त्यांना आकडा जितका लवकर आणि जितका बारकाईने पाहिला जाईल तितका हवा असतो. फॅमिली डॉक्टरांकडे ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज करून, लाल अक्षरांतला आकडा घेऊन धास्तावलेली माणसे येतात, त्यांना या आकड्याचा बडेजाव नको असतो. पुढच्या संवादातली यकृततज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर या दोन तटांची प्रतिनिधी आहेत.

यकृततज्ज्ञ : डॉक्टर, रिपोर्टवर ‘४० पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं आणि ३८ आला की तुम्ही रुग्णाला घरी पाठवता. पण ही मर्यादा ठरवताना ज्यांचं रक्त घेतलं, ते लोक खरंच निरोगी होते का? त्यांतल्या कित्येकांच्या यकृतात चरबी असणार. मिलानमध्ये ६,८३५ रक्तदात्यांचा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन, साखर, कोलेस्टेरॉल अशा कारणांनी ज्यांच्या यकृताबद्दल शंका होती, त्यांना वगळून हिशेब केला, तर पुरुषांची मर्यादा ३० आणि बायकांची १९ वर आली. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०१७ मध्ये पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि बायकांसाठी १९ ते २५ अशी मर्यादा सुचवली. म्हणजे एखाद्या बाईचा एसजीपीटी ३६ असेल, तर तुमच्या लेखी ती ठणठणीत आणि माझ्या लेखी तपासायला हवी.

फॅमिली डॉक्टर : मॅडम, मर्यादा खाली आणली की एका रात्रीत लाखो माणसं आजारी ठरतात, आणि त्यांतल्या कोणाच्याही यकृतात त्या रात्री काही घडलेलं नसतं. मुळात ‘नॉर्मल’ची व्याख्याच अशी, की निरोगी लोकांतले मधले ९५ टक्के आत आणि उरलेले बाहेर. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका धडधाकट माणसाच्या केल्या, तर वीसच्या वीस ‘नॉर्मल’ येण्याची शक्यता ३६ टक्के निघते. पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर तपासण्या असतात. लाल अक्षर आलं नाही तरच नवल.

हिशेब बरोबर आहे, कारण ०.९५ चा विसावा घात ०.३६ येतो. शिवाय एकाच निरोगी माणसाचा एएलटी दिवसागणिक १० ते ३० टक्क्यांनी खालीवर होतो. तेव्हा ३८ वरून ४४ झाला म्हणून यकृत बिघडले आणि ४४ वरून ३८ झाला म्हणून काढा लागू पडला, ही दोन्ही अनुमाने सारखीच कच्ची.

फॅमिली डॉक्टर : आणि हे विकर काही एकट्या यकृताचं नाही. स्नायूंत एएसटी भरपूर असतं, थोडं एएलटीही असतं. वजनं उचलण्याची सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांना तासभर व्यायाम करायला लावला, तर दोन्ही आकडे निदान सात दिवस वाढलेले राहिले. हा अभ्यास २००८ चा. नव्यानं जिम लावलेला मुलगा विम्याच्या मेडिकलला रक्त देतो आणि यकृताचा रुग्ण ठरतो. स्नायूंच्या इजेत वाढणारं सीपीके केलं असतं, तर मिनिटात उलगडा झाला असता.

यकृततज्ज्ञ : या मुद्द्यावर मी तुमच्या पुढे एक पाऊल जाईन. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार झालेल्या लहान मुलांचे एसजीपीटी, एसजीओटी शेकड्यांत असतात. मूल अजून उठताना मांडीवर हात टेकतंय एवढंच आईला दिसतं आणि इकडे यकृताच्या तपासण्यांवर तपासण्या चालू असतात, कधी कधी बायोप्सीपर्यंत. सीपीके न बघता मुलाच्या यकृताला दोष देऊ नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. थायरॉइड कमी असला तरी किंवा गव्हाच्या ग्लुटेननं होणारा सिलिअॅक आजार असला तरी आकडा थोडा वर जातो.

वाढ किती, यावर मात्र दोघांत फारसे दुमत नाही. मर्यादेच्या दीडपट-दुप्पट वाढ सर्वांत नेहमीची आणि सर्वांत संदिग्ध असते. आकडा हजाराच्या पुढे गेला, की कारणांची यादी एकदम आखूड होते : हिपॅटायटिस ए किंवा ई यांसारखा तीव्र विषाणुसंसर्ग, औषधाची विषबाधा (विशेषतः पॅरासिटामॉलचा अतिरेकी डोस), किंवा रक्तदाब कोसळून यकृताला रक्त न मिळणे. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई ची भारताला चांगलीच ओळख आहे. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेचे सांडपाणी मिसळलेले पाणी नळांतून गेले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून तो आजार ई प्रकारचा होता असे पुष्कळ नंतर कळले. हिपॅटायटिस ए आणि ई हे दोन्ही संसर्ग बहुतेकांच्या बाबतीत आपोआप उतरतात. काही आठवड्यांत आकडा खाली येतो आणि श्रेय काविळीच्या मंत्राला किंवा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरवणाऱ्या’ला मिळते. गरोदर स्त्रीला झालेला हिपॅटायटिस ई मात्र जिवावर बेतू शकतो. तिथे वाट पाहायला जागा नसते.

दोन विकरांचे गुणोत्तरही काही सांगते. बहुतेक यकृतविकारांत एएलटी एएसटीपेक्षा जास्त असते. दारूने झालेल्या इजेत उलटे होते. एएसटी दुप्पट किंवा त्याहून जास्त असते, तरी दोन्ही आकडे सहसा ३०० च्या आतच राहतात. एएसटीचा मोठा साठा पेशीच्या मायटोकाँड्रियात असतो आणि दारूचा घाव त्यांवर पडतो. शिवाय एएलटीला बी-६ जीवनसत्त्व लागते आणि नेहमी पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा तुटवडा असतो. या गुणोत्तराला दे रितिस यांचेच नाव आहे. ‘मी फक्त शनिवारी घेतो’ असे सांगणाऱ्याच्या रिपोर्टकडे डॉक्टर थोडा वेळ जास्त पाहतात, ते यासाठी.

फॅमिली डॉक्टर : माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. यकृताच्या या तपासण्यांना आपण ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’, म्हणजे एलएफटी म्हणतो आणि एसजीपीटीतून तर यकृताचं काम काहीच कळत नाही. इजा होतेय का, एवढंच कळतं.

यकृततज्ज्ञ : पूर्ण मान्य. काम बघायचं, तर अल्ब्युमिन बघा, रक्त गोठायला लागणारा वेळ सांगणारे प्रोथ्रॉम्बिन टाइम आणि आयएनआर बघा, बिलिरुबिन बघा. अल्ब्युमिन यकृतच बनवतं, पण ते रक्तात निम्मं व्हायला सुमारे २० दिवस लागतात, म्हणून ते जुन्या आजाराची साक्ष देतं. रक्त गोठवणाऱ्या घटकांतला सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, त्यामुळे यकृत बसायला लागलं की आयएनआर एक-दोन दिवसांत वाढतो. व्हिटॅमिन के दिल्यावर तो सुधारला, तर दोष यकृताचा नव्हता. आणि अल्ब्युमिन कमी असलं तरी लघवीतून प्रथिनं जात नाहीत ना, हे बघावं लागतं. एकट्या आकड्यावर मीही विसंबत नाही.

इथे एक धोक्याची जागा आहे आणि ती नातेवाइकांना सांगणे फार अवघड जाते. तीव्र हिपॅटायटिसच्या रुग्णाचा एसजीपीटी ३,००० वरून ४०० वर येतो, घरच्यांना हायसे वाटते. पण त्याच वेळी बिलिरुबिन आणि आयएनआर चढत असतील आणि रुग्ण गुंगीत बरळू लागला असेल, तर ती उतरण बरे होण्याची नसते. विकर सांडायला पेशीच उरलेल्या नसतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सिरोसिसमध्ये हेच सावकाश घडते. यकृताचा बराच भाग निबर तंतूंनी व्यापलेला असतो आणि एसजीपीटी २८ असतो.

बिलिरुबिनची गोष्ट उलट दिशेने फसवणारी. डोळे पिवळे दिसू लागतात ते साधारण २.५ ते ३ मिलिग्रॅमच्या पुढे. पण उपवासानंतर किंवा तापात बिलिरुबिन दीड-दोनपर्यंत गेले, ते जवळजवळ सगळे ‘इनडायरेक्ट’ असले आणि बाकी आकडे, हिमोग्लोबिन सगळे ठीक असले, तर बहुधा तो जन्मजात गिल्बर्ट सिंड्रोम असतो. त्यात यकृताचे काही बिघडत नाही, औषधही लागत नाही. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिल्यामुळे ‘कावीळ’ निघालेली माणसे या गटात सापडतात. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले दिसले, तरी ते पित्तनलिकेतून आले की हाडांतून, हे ठरवावे लागते. वाढत्या वयाच्या मुलांत ते हाडांमुळे आणि गरोदरपणात वारेमुळे जास्तच असते. जीजीटी हे विकरही वाढलेले असेल, तर बोट यकृताकडे जाते.

वाद खऱ्या अर्थाने पेटतो तो फॅटी लिव्हरवर. आज एसजीपीटी थोडा वाढलेला सापडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

फॅमिली डॉक्टर : सोनोग्राफी केली की दर दुसऱ्या माणसाला ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून येतं. मी त्याला सांगायचं काय? वजन कमी करा, चाला, साखर कमी खा. हे तर मी रिपोर्ट न बघताही सांगितलं असतं.

यकृततज्ज्ञ : ग्रेड चरबीचा असतो. रुग्णाचं भवितव्य ठरतं ते यकृतात तंतू किती झाले यावर, आणि ते सोनोग्राफीच्या ग्रेडवरून कळत नाही. त्यासाठी तुमच्याकडे आधीच पडून असलेले चार आकडे पुरतात : वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट्स. वय गुणिले एएसटी, त्याला प्लेटलेट्स गुणिले एएलटीचं वर्गमूळ यांनी भागायचं. याला फिब-४ म्हणतात. उत्तर १.३ च्या खाली आलं तर तंतू वाढलेले असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर आलं तर बरीच, आणि मधे आलं तर फायब्रोस्कॅन करून बघायचं.

५२ वर्षांच्या एका कल्पित रुग्णाचे एएसटी ४८, एएलटी ६० आणि प्लेटलेट्स १ लाख ८० हजार धरू. सूत्रात प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या, म्हणजे १८०. वर ५२ गुणिले ४८, म्हणजे २,४९६. खाली १८० गुणिले ७.७५, म्हणजे सुमारे १,३९४, उत्तर १.७९. या रुग्णाला पुढच्या तपासणीला पाठवायला हवे. बाकी सगळे तेच ठेवून प्लेटलेट्स २ लाख ८० हजार केल्या, तर उत्तर १.१५ येते आणि सध्या वजन-व्यायामावर भागते. एसजीपीटी दोघांचाही ६०. रिपोर्टच्या ज्या पानावर प्लेटलेट्स असतात, ते सीबीसीचे पान लिव्हरच्या फाइलमध्ये बहुधा नसते, ही या कथेतली खरी अडचण. वयाच्या पासष्टीनंतर खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात आणि पस्तिशीच्या आत हे सूत्र फारसे भरवशाचे नाही.

फॅमिली डॉक्टर : सूत्र कामाचं आहे. पण माझ्याकडचे पुष्कळसे फॅटी लिव्हरवाले लठ्ठ दिसतच नाहीत. त्यांना पटवायचं कसं?

याचे उत्तर पुण्यातल्या संशोधनात आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगाने किरकोळ, पण आत चरबी असलेला हा भारतीय बांधा काटा दाखवत नाही. कमरेचे माप, साखर, ट्रायग्लिसराइड आणि किंचित वाढलेला एसजीपीटी एकत्र पाहिले, तर तो दिसतो.

औषधांच्या बाबतीत दोघे पुन्हा समोरासमोर येतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्याच्या दर तीन महिन्यांनी होणाऱ्या एलएफटीला फॅमिली डॉक्टर अनावश्यक म्हणतात, आणि तो आग्रह अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१२ मध्ये सोडला. सुरुवातीला एकदा आणि नंतर गरज वाटली तरच करावी, एवढे पुरते. क्षयरोगाच्या औषधांचे तसे नाही. आयसोनायझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींनी यकृताला इजा होऊ शकते. किंचित वाढ बऱ्याच रुग्णांत होते आणि औषधे चालू ठेवूनही उतरते. मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना जाणे अशी लक्षणे असताना आकडा मर्यादेच्या तिपटीवर गेला, किंवा लक्षणे नसतानाही पाचपटीवर गेला, तर ती औषधे थांबवतात. घाबरून आपल्या मनाने औषध सोडणाऱ्याचा क्षय बळावतो आणि लक्षणे अंगावर काढणाऱ्याचे यकृत जाते, म्हणून इथे आकडा आणि लक्षणे दोन्ही हवीत. कोणत्याही औषधाने एएलटी तिपटीवर आणि त्याबरोबर बिलिरुबिन दुपटीवर गेले, तर धोका मोठा असतो. हायमन झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञांच्या निरीक्षणानुसार अशा रुग्णांत दहातला एक तरी दगावू शकतो.

यकृततज्ज्ञ : आणि ‘काही औषध चालू आहे का’ असं विचारलं की लोक ‘नाही’ म्हणतात, कारण काढा त्यांच्या लेखी औषध नसतो. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली जात होती. २०२० च्या अखेरीस मुंबईत यकृताला इजा झालेले असे सहा रुग्ण एकापाठोपाठ सापडले आणि त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला. पुढे देशभरातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली.

फॅमिली डॉक्टर : आयुष मंत्रालयानं त्या अहवालावर हरकत घेतली होती, हेही सांगा. वनस्पती नेमकी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हा त्यांचा प्रश्न होता. लाखोंनी घेतली, त्यांतल्या किती जणांना त्रास झाला, हे बघायला नको का?

यकृततज्ज्ञ : बघायलाच हवं. मोठ्या नोंदीत वनस्पतीची तपासणीही केली होती. सगळ्यांना अपाय होतो असं माझं म्हणणं नाही. कित्येक रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती यकृतावरच उलटल्याची चिन्हं होती, आणि अशी प्रवृत्ती ज्यांच्यात आधीपासून आहे, त्यांना धोका जास्त. पण आकडा वाढलेला असताना काढा, प्रोटीन पावडर, सांध्यांच्या पुड्या हे सगळं कागदावर यायला हवं, एवढा आग्रह तरी मान्य करा.

फॅमिली डॉक्टर : तो कधी नाकारला? पण मग आकडा वाढला की करायचं काय, तेही ठरवू या. माझी पद्धत साधी आहे. दारू, काढे, नवा व्यायाम बंद. महिन्यानं पुन्हा रक्त. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात एएलटी वाढलेल्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश लोकांचा आकडा दुसऱ्या वेळी नॉर्मल आला होता.

यकृततज्ज्ञ : आणि ब्रिटनच्या अभ्यासात महिन्यानंतर ८४ टक्के तसेच राहिले. म्हणून तिथल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, नुसतं पुन्हा मोजत बसू नका, कारण शोधा.

फॅमिली डॉक्टर : त्याच ब्रिटिश अभ्यासात नेमका यकृताचा आजार सापडला तो पाच टक्क्यांहूनही कमी लोकांत. तेही सांगा.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्यांतून दोन वेगळ्या वाटा निघतात. जिममुळे किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या तापामुळे आकडा वाढल्याचा दाट संशय असेल, तर महिनाभर थांबून पुन्हा मोजणे योग्य. तसे कारण नसेल, तर पुन्हा मोजण्यात महिना घालवण्यापेक्षा पहिल्याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी साठी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही, साखर, सीबीसी आणि सीपीके करावे. हिपॅटायटिस बी मध्ये एसजीपीटी वर्षानुवर्षे नॉर्मल राहू शकतो, म्हणून एसजीपीटी ठीक आला तरी तेवढ्यावरून हा संसर्ग नाही असे धरता येत नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम जुलै २०१८ मध्ये सुरू झाल्यापासून या दोन्ही संसर्गांची तपासणी आणि उपचार ठरावीक सरकारी केंद्रांत मोफत होतात. आयुष्यात एकदा तरी ती करून घ्यावी, यावर दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे.

काही त्रास नसलेल्या, दारू न पिणाऱ्या, सडपातळ पंचविशीतल्या माणसाने दरवर्षी एलएफटी करावी का, यावर ते नाही. फॅमिली डॉक्टर तपासणीच्या चिठ्ठीवर ती लिहीत नाहीत. यकृततज्ज्ञ आधी कंबर मोजतात आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का ते विचारतात.